खोचलेला पदर

मागच्या महिन्यात अकोल्याला आमचं एक प्रशिक्षण झालं. आमचं म्हणजे शाळेच्या खिचडीशी ज्यांचा ज्यांचा संबंध येतो त्या सगळ्यांचं. स्वयंपाक करणाऱ्या बाया, पोषण आहाराचं काम ज्यांच्या गळ्यात पडलंय असे शिक्षक, आणि पहिल्या चहानंतर गायब होणारे मुख्याध्यापक. पुण्याहून आलेल्या एक चटपटीत बाई पडद्यावर चित्रं दाखवत होत्या. एका चित्रात शेगडीजवळ उभी बाई, तिचा पदर मोकळा, आणि त्यावर ही मोठी लाल फुली. "स्वयंपाक करताना पदर कमरेला घट्ट खोचलेला असावा, ही आपली नवीन सूचना आहे," असं त्या म्हणाल्या आणि मला हसू फुटलं. साधंसुधं नाही, चांगलं खो खो. सगळं सभागृह मागे वळून बघायला लागलं.

"मॅडम, काही चुकलं का माझं?"

"नाही हो. सगळं बरोबर आहे. तुम्ही 'नवीन' म्हणालात ना, तेवढंच."

वऱ्हाडातली माणसं अशीच असतात, असं त्यांना वाटलं असेल. वाटू दे. त्यांना वच्छलाबाई कुठून माहीत असणार! वच्छलाबाई जाऊनही आता काही वर्षं झाली. त्यांना अक्षर म्हणून वाचता येत नव्हतं, त्यामुळे सूचना वगैरे काही त्यांनी लिहून ठेवल्या नाहीत. त्या सरळ हाताला धरून बाहेर काढायच्या.

मला तर दारातच अडवलं होतं. दर्यापूरच्या पुढे, खारपाणपट्ट्यातलं एक गाव. नाव मुद्दाम सांगत नाही, तिथली माणसं अजून मला फोन करतात. माझी बदली तिथल्या जिल्हा परिषद शाळेत झाली आणि पहिल्याच दिवशी मुख्याध्यापक वानखडे सरांनी माझ्या हातात चव रजिस्टर ठेवलं. मुलांना वाढण्याआधी रोज एका शिक्षकानं जेवण चाखायचं आणि वहीत सही करायची, असा नियम. मला वाटलं, वा, काय सुखाचं काम आहे! मी झुळझुळीत ओढणी सावरत स्वयंपाकखोलीकडे निघाले. दारात एक उंच, वाळकी बाई आडवा हात धरून उभी.

"ओढणी बांधा, नाई तं तिथंच उभ्या राहा."

"अहो, मी नवीन मॅडम आहे."

"असान. इस्त्याले काय माहीत?"

विस्तवाला माझी ओळख नाही, हे खरंच होतं. मी अमरावतीच्या वकिलाची मुलगी, आमच्याकडे वाद घातल्याशिवाय कोणी माघार घेत नाही, पण या मुद्द्यावर मी केस सोडून दिली. तेवढ्यात त्यांनी मला पाठमोरी केली, ओढणीची दोन्ही टोकं ओढून कमरेला अशी गाठ मारली की मला श्वास घेता येईना, आणि मग चमचा हातात दिला. खिचडी अप्रतिम होती. घरी जाऊन ती गाठ सोडायला अर्धा तास लागला.

वच्छलाबाईंचा पोशाख हा गावात चेष्टेचा विषय होता. काष्ट्याचं सुती लुगडं, पदर कमरेला करकचून खोचलेला, आणि वरून नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, मनगटापर्यंत बटणं लावलेला. एप्रिलमध्ये आमच्याकडे सावलीतही जीव नकोसा होतो, तेव्हासुद्धा ती बटणं उघडायची नाहीत. त्यांच्या नवऱ्याचे सगळे सदरे हळदीच्या डागांचे झाले होते. लग्नाकार्याला जायला म्हणून एक पांढरा सदरा त्यानं पेटीत कुलूप लावून ठेवला होता, किल्ली जानव्याला नव्हे तर करगोट्याला बांधून. "बायकोपासून कपडे लपवणारा मी एकलाच असन," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा.

त्यांच्या हाताखाली नंदा होती. गावातलीच सून, दोन लेकरांची आई, भारी हसरी आणि नटायची हौस असलेली. दोन्ही हातांत डझन-डझन काचेच्या बांगड्या. बांगडी तडकली तर तुकडा खिचडीत जाईल, तापली तर मनगट भाजेल, म्हणून वच्छलाबाईंनी तिला पहिल्याच दिवशी बांगड्या काढून खिळ्याला अडकवायला लावल्या. दुसऱ्या दिवशी नंदाची सासू तरातरा शाळेत आली. सवाष्ण बाईचे हात मोकळे करायचे म्हणजे काय!

"माह्या पोराच्या जीवावर उठली का तू, वच्छले?"

"तुह्या पोराले बांगड्या पाहिजे का बायको पाहिजे? एकदाचं सांग."

सगळी शाळा वर्गाच्या खिडक्यांत गोळा झाली होती. शेवटी मी मध्ये पडले. हातात एकेक बांगडी राहील आणि बाकीच्या खिळ्याला, असा तह झाला. पण वच्छलाबाईंचं मूळ कलम निराळंच होतं, ते त्यांनी त्या दिवशी नंदाच्या सासूला तोंडावर सांगितलं. "या खोलीत कोनी कोनाची सून नाई. घरी गेल्यावर घ्या तुमची सून."

आता हे वाक्य त्या गावात किती जड होतं ते सांगायला पाहिजे. तिथे सुनेनं सासऱ्यासमोर, दिरासमोर, गावातल्या कुठल्याही वडीलधाऱ्यासमोर डोक्यावर पदर घ्यायचा. वडीलधारी मंडळीही दारात आली की आधी घसा खाकरायची, म्हणजे आतल्या सुनांना वेळ मिळावा. खाकरणं झालं की हात आपोआप पदराकडे जायचा. मुलींना ते शिकवावं लागत नाही, लग्नानंतर महिन्याभरात अंगात भिनतं. आणि वच्छलाबाईंच्या स्वयंपाकखोलीत, कोणीही येवो, पदर कमरेतून सुटला की शिव्या.

शिव्यांपेक्षा मोठी त्यांची आरोळी होती. खिचडीचा भरलेला गंज, म्हणजे ते भलंमोठं पातेलं, शेगडीवरून खाली घ्यायचा म्हणजे दोघींनी ओली पोती धरून, पावलाला पाऊल जुळवून उतरवायचा. त्याआधी वच्छलाबाई ओरडायच्या, "गंज उतरते वोऽऽ!" ही आरोळी झाली की शाळेतलं जे पोर जिथे असेल तिथे खाली बसायचं. पाढे म्हणणारा वर्ग 'बे सत्ते' वर थांबायचा. एकदा तपासणीला आलेले साहेब अंगणातून कार्यालयाकडे चालले होते. पहिलीतल्या दोन पोरींनी त्यांची पँट धरून त्यांना मटकन खाली बसवलं. "सर, हलू नोका, गंज उतरून राहिला." साहेब पाच मिनिटं मातीत उकिडवे बसले होते. जाताना त्यांनी शेऱ्यात 'विद्यार्थ्यांची शिस्त वाखाणण्याजोगी' असं लिहिलं.

मग ते लाल नळकांडं आलं, आग विझवायचं. वरून आलेली वस्तू, नवी कोरी, त्यामुळे वानखडे सरांनी ती चोरीच्या भीतीनं कार्यालयातल्या लोखंडी कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं. किल्ली सरांच्या खिशात, आणि सर बैठकीच्या निमित्तानं बहुतेक दर्यापुरात. सर माणूस वाईट नव्हते. फक्त वस्तू वापरली की खराब होते, अशी त्यांची श्रद्धा होती. वच्छलाबाई रोज दहा वाजता कार्यालयाच्या दारात येऊन उभ्या राहायच्या.

"सर, आज कपाटाले आग लागनार हाय का?"

"नाही. का हो?"

"मंग आग विझवाचं थे त्याच्यात कावून ठेवलं?"

एवढं विचारायचं आणि निघून जायचं. दुसऱ्या दिवशी दहा वाजता तेच. आवाज तोच, शब्द तेच, चेहऱ्यावर राग नाही की हसू नाही. असं पंधरा-सोळा दिवस चाललं. मग एका सकाळी दहाला पाच कमी असताना सर स्वतः हातोडी आणि खिळा घेऊन स्वयंपाकखोलीत आले आणि त्यांनी ते नळकांडं भिंतीला टांगलं. वच्छलाबाईंनी ते खालून वरून न्याहाळलं आणि विचारलं, "हे उघडते कसं?" ते सरांना माहीत नव्हतं. वरची माहिती इंग्रजीत होती. मी ती वाचून मराठीत सांगितली, आणि पुढचा आठवडाभर वच्छलाबाईंनी नंदाकडून ती घोकून घेतली. आधी पिन, मग तोंड खाली, मग दाबायचं. पिन, तोंड, दाब. नंदा झाडू मारतानाही ते पुटपुटायची.

वच्छलाबाईंची खरी ओळख मला झाली ती माझा हात भाजला तेव्हा. चव बघायची घाई, चमचा सोडून थेट झाकणाला हात घातला आणि वाफेनं तळहात आणि मनगट भाजलं. मी बोंबलतच बाहेर आले. कोणी म्हणे टूथपेस्ट लावा, कोणी म्हणे शाई लावा, सर हळद घेऊन धावले. वच्छलाबाईंनी सगळ्यांना बाजूला सारलं, मला माठापाशी बसवलं आणि हातावर पाण्याची धार धरली. खारपाणपट्ट्यात गोडं पाणी म्हणजे काय चीज आहे ते तिथल्या माणसालाच विचारा. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, पिण्याचं पाणी टाकीतून येतं आणि पुरवून पुरवून वापरायचं. ते पाणी त्या तांब्यामागून तांब्या माझ्या हातावर ओतत होत्या.

"पुरे हो, वच्छलाबाई. पाणी संपेल."

"घडी पाहा. मोठा काटा चारावरून आठावर गेला का सांगा."

तो काटा काही केल्या हलेना. बसून बसून मी त्यांना विचारलं, इतक्या उन्हात हा सदरा कशाला घालता? त्यांनी तांब्या माझ्या दुसऱ्या हातात दिला आणि उजव्या बाहीची बटणं काढून ती खांद्यापर्यंत सरकवली. मनगटापासून वरपर्यंत कातडी कागद चुरगळावा तशी झाली होती.

"नवी नवरी होती मी. चुलीवर भाकर थापून राहिली होती. सासरा दारात खाकरला. मी पदर घेतला डोक्यावर, पदर गेला चुलीत. नायलॉनचं पातय होतं, लग्नातलं. आंगाले चिपकून जयलं."

मी विचारलं, "आणि सासरे?"

"त्यायनंच विझवलं. भला मानूस. पन मरेपर्यंत माह्या घरात खाकरला नाई मंग थो." आणि लगेच, "पाहा, काटा कुठं गेला?"

माझ्या हातावर पुढे साधा फोडही आला नाही. त्या दिवशी मला कळलं की या बाईला आयुष्यात एकच गोष्ट हवी आहे. आपल्या हाताखालची पोर आपल्यासारखी जळू नये. बाकी त्यांना पगार-मान-फोटो कशाचं काही नव्हतं.

तरी आपल्या हक्काचं त्या सोडायच्या नाहीत. एकदा आरोग्य केंद्रातून डॉक्टरबाई आल्या, स्वयंपाकी बायांची तपासणी करायला. नखं पाहिली, हात पाहिले, खोकला आहे का विचारलं आणि कागद भरायला घेतला. वच्छलाबाई म्हणाल्या, "हे तपासनी माही हाय का खिचडीची?"

"म्हणजे... तुमच्यामुळं मुलांना काही आजार होऊ नये म्हणून असते ही."

"बराबर. आन् खिचडीमुळं मले काई झालं असन तं थे कोन पाहीन?"

डॉक्टरबाई भल्या होत्या. त्यांनी कागद बाजूला ठेवला, वच्छलाबाईंचा खांदा पाहिला, छाती तपासली, मग स्वयंपाकखोलीत जाऊन ओटा पाहिला. ओटा घरातल्यासारखा उंच बांधला होता आणि त्यावर गंज चढला की ढवळायला हात डोक्याच्या वर न्यावा लागायचा. वाफ सगळी तोंडावर. "हा ओटा गुडघ्याइतका हवा," असं त्या बोलून गेल्या. त्या बोलल्या असतील सहज. वच्छलाबाईंनी तो कोर्टाचा हुकूम समजला. दिवाळीच्या सुट्टीत त्यांचा गवंडी दीर आला आणि ओट्याच्या विटा खाली उतरल्या. सुट्टीनंतर वानखडे सर ओट्याकडे बघतच राहिले.

"हा ओटा बुटका कसा झाला?"

"सुट्टीत सगळेच आराम करतात, सर. थो बी बसला खाली."

सरांनी कपाळाला हात लावला. पण ओटा बुटकाच राहिला, आणि नंदाच्या खांद्याला कधी त्रास झाला नाही.

हे सगळं मी मजेमजेत सांगतेय खरं, पण यापुढचं सांगताना माझी मला चीड येते. शाळा समितीचे अध्यक्ष होते भाऊसाहेब. गावातलं बडं प्रस्थ, कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, आणि नात्यानं नंदाचे चुलत सासरे. जिल्ह्यावरून मोठ्या अधिकारी बाई भेटीला येणार म्हणून त्यांनी दोघी स्वयंपाकिणींना एकसारख्या साड्या भेट दिल्या. मोरपंखी रंग, चमचम जर. वच्छलाबाईंनी ती साडी चिमटीत धरून चोळली आणि परत घडी करून ठेवली.

"हे पातय नोय, काकडा हाय. माचिस दाखवाची देर."

सर चिडले. भाऊसाहेबांना काय सांगायचं? वच्छलाबाई ऐकत नाहीत म्हटल्यावर त्यांनी मला नंदाकडे पाठवलं. आणि मी गेले. ज्या बाईचा हात मी डोळ्यांनी पाहिला होता, तिच्या हाताखालच्या पोरीला जाऊन मी म्हणाले, "अगं, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. फोटोपुरती नेस." नंदाला ती साडी मनापासून आवडलीच होती. ती दुसऱ्या दिवशी नटूनथटून आली. वच्छलाबाई तिच्याकडे बघत राहिल्या, माझ्याकडेही एकदा बघितलं, मग पदर तिच्या कमरेला खोचून वर दोन पिना टोचल्या आणि म्हणाल्या, "देव आला तरी सोडजो नोको."

देव नाही, भाऊसाहेब आले. अधिकारी बाईंना स्वयंपाकखोली दाखवायची होती. नंदा खाली वाकून वरण ढवळत होती. भाऊसाहेब दारात आले आणि सवयीनं, अगदी चांगल्या मनानं, खाकरले.

नंदाचा हात कमरेकडे गेला. तिला काही विचारही करायला मिळाला नसेल. पिना तटातट तुटल्या, पदर झोकात डोक्याकडे निघाला आणि त्याचं टोक शेगडीवरून फिरलं. भप्पकन आवाज झाला. मी दारात नुसती उभी होते. वच्छलाबाईंनी एका हातानं नंदाला मागे खेचलं, दुसऱ्या हातानं पदराचं पेटलेलं टोक जमिनीवर आपटून त्यावर ओलं पोतं टाकलं आणि पाण्याची भरलेली बादली उचलून भिरकावली. अर्धी बादली नंदावर पडली, अर्धी भाऊसाहेबांवर.

"बाहेर व्हा! सासरे असा का साहेब असा, चुलीपाशी येऊन खाकराचं नाई! बाहेर!"

भाऊसाहेबांच्या मिशांतून पाणी गळत होतं. त्यांना आयुष्यात कोणी 'बाहेर व्हा' म्हटलं नव्हतं, आणि तेही एका खिचडीवालीनं, आणि तेही जिल्ह्याच्या पाहुण्यांसमोर. सर्वांत आधी अधिकारी बाईच बाहेर पडल्या. "त्या बरोबर बोलताहेत, चला," असं म्हणाल्यादेखील. नंदाच्या साडीला हातभर भोक पडलं होतं आणि अंगाला ओरखडासुद्धा नव्हता. वच्छलाबाई तिला चाचपून बघत होत्या आणि एकीकडे बडबडत होत्या, "वरण लागलं बुडाले. आता पोट्टे काय खातीन, माहं डोक्सं?"

पण अधिकारी संध्याकाळी निघून जातात, आणि भाऊसाहेब गावातच असतात. पुढच्या बैठकीत ठराव आला. 'वयोमानामुळे श्रीमती वच्छलाबाई यांना कामातून विश्रांती देण्यात यावी.' त्यांना बैठकीला बोलावलंही नव्हतं. मी शिक्षकांची प्रतिनिधी म्हणून समितीवर होते. सगळे काय झालं होतं ते जाणत होते, सगळे वहीत बघत होते. वही माझ्यासमोर आली. मी सही केली. बदली होईल, सर अडचणीत येतील, असं काय काय त्या वेळी मनाशी म्हटलं असेल. खरं एवढंच की मी भ्याले.

नंदा रडत म्हणाली, मीही काम सोडते. वच्छलाबाई तिच्यावर उखडल्या. "मी गेली तं चालन. शिकवलेलं नोको जायले. तू सोडलं तं त्या शेगडीपाशी कोन येईन? कोनाची तरी नवी पोट्टीच ना?" मग आपला हळदीचा एक सदरा तिच्या अंगावर टाकला आणि माझ्याकडे वळल्या.

"म्याडम, तुमीबी सही केली म्हने."

"हो."

"चांगलं हाय म्हनतात अक्षर तुमचं."

मला दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पुढच्या वर्षी हिवाळ्यात, दुपारच्या सुट्टीच्या जरा आधी, मला वर्गात नंदाची आरोळी ऐकू आली. पण गंजाची नव्हे. "पोट्टे निंबाखाली न्या! निंबाखाली!" गॅसच्या नळीनं पेट घेतला होता. मी मुलांना घेऊन धावले आणि मागे वळून पाहिलं ते असं. नंदानं ओलं पोतं हाताला गुंडाळून सिलिंडरचं बटण बंद केलं, दुसरं पोतं नळीवर टाकलं, नव्या मदतनीस बाईला मागच्या दारानं बाहेर काढलं. कोपऱ्यातल्या रिकाम्या पोत्यांनी तोवर पेट घेतला होता. तिनं भिंतीवरचं नळकांडं काढलं. तिचे ओठ हलत होते. पिन, तोंड, दाब.

धूर बघून अर्धं गाव धावत आलं, सगळ्यात पुढे भाऊसाहेब. ते थेट स्वयंपाकखोलीत घुसले आणि धुरानं खोकायला लागले. चुलत सासरे समोर उभे राहून खोकतायत, मागे गाव उभं, आणि नंदाचं डोकं उघडं, केस विस्कटलेले, पदर कमरेला, अंगात हळदीचा सदरा. तिनं त्यांच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "मामाजी, बाहेर व्हा." हात पदराकडे गेला नाही. आणि भाऊसाहेब, खरं सांगते, मुकाट बाहेर आले. निंबाखाली मुलांजवळ येऊन बसले.

दोन दिवसांनी पेपरात बातमी आली. 'मुख्याध्यापकांच्या प्रसंगावधानाने अनर्थ टळला.' त्या वेळी वानखडे सर दर्यापुरात बैठकीत होते. त्यांनाही बातमी वाचून ओशाळल्यासारखं झालं असावं, कारण त्या दिवशी ते सगळ्यांशी फार गोड बोलत होते.

मी आणि नंदा संध्याकाळी तो पेपर घेऊन वच्छलाबाईंकडे गेलो. त्यांची तब्येत तेव्हा उतरली होती. आयुष्यभराचा धूर छातीत साठलेला, चार वाक्यं बोलल्या की धाप लागायची. अंगणात खाटेवर पडून होत्या. मी त्या सहीबद्दल माफी मागायची असं घरून ठरवून निघाले होते. वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं. पण आम्हाला बघताच त्या उठून बसल्या आणि म्हणाल्या, "पेपरात आलं म्हने. वाचा ना."

मी मथळा वाचला. मुख्याध्यापकांच्या प्रसंगावधानाने. त्या इतक्या हसल्या की खोकल्याची उबळ आली आणि नंदाला पाठ चोळावी लागली.

"सर तं दर्यापूरले होते ना वो!"

"हो तर! आणि तुमचं नाव कुठेच नाही, नंदाचंही नाही. मी उद्याच त्यांना पत्र लिहिते," मी तावातावानं म्हणाले.

"माहं नाव कायले पाहिजे? कोन कोन जयलं थे लिवलं असन ना, थे वाचा."

"कोणीच नाही."

"पेपरात लिवलं हाय का तसं? का तुमीच मनानं सांगून राहिल्या?"

मी बातमीच्या शेवटच्या ओळीखाली बोट धरलं आणि वाचलं, "सुदैवाने या घटनेत कोणालाही इजा झाली नाही."

"पुन्ना वाचा."

मी पुन्हा वाचलं. त्यांनी नंदाचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि मनगटापासून कोपरापर्यंत उलटासुलटा करून बघितला, जसं काही मी आणि पेपर दोघंही खोटं बोलत असू. मग डोळे मिटले.

"आजूक एकदा."

मी तिसऱ्यांदा वाचलं. मिटलेल्या डोळ्यांतून त्यांच्या गालावर पाणी उतरलं होतं, आणि त्या ओठांतल्या ओठांत म्हणत होत्या, "कोनालेच नाई. कोनालेच नाई." माफीचं माझं वाक्य तसंच राहिलं.

"वाच, माय," त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत मला त्यांनी पहिल्यांदाच म्याडम म्हटलं नाही.

मी चौथ्यांदा वाचलं. या खेपेला 'सुदैवाने' गाळून.